सहा माणसांचं चिनी जेवण घरी कसं करावं: किराण्यापासून वाढण्यापर्यंत

घरी चायनीज करायचं ठरलं की बहुतेक जण फ्राइड राइस, मंचुरियन आणि हक्का नूडल्स असा बेत आखतात. तिन्ही पदार्थ कढईतले, तिन्ही मोठ्या आचेवरचे आणि तिन्ही ऐनवेळी करायचे. मग करणारी गॅससमोर घामाघूम होते, पहिला पदार्थ गार होतो आणि शेवटचा टेबलावर येईपर्यंत निम्म्या मंडळींचे हात धुऊन झालेले असतात. मंचुरियन मला मनापासून आवडतं. मुंबईत १९७५ च्या सुमारास नेल्सन वांग यांनी ते पहिल्यांदा केलं असं सांगितलं जातं, म्हणजे ते आपलंच आहे. पण चीनमधल्या घरात रात्री जे जेवण होतं त्याची तऱ्हा वेगळी असते, आणि ते आपल्या स्वयंपाकघरात करायला जास्त सोपं जातं.

नोकरीमुळे मी काही वर्षं दक्षिण चीनमधल्या ग्वांगझौ शहरात होते. शेजारच्या काकूंच्या ओट्याशी उभी राहून मी जे शिकले त्यातली पहिली गोष्ट म्हणजे जेवणाची आखणी. एका जेवणात मोठ्या आचेवर परतायचे पदार्थ दोनच ठेवायचे. बाकीचे वाफेवर, मंद आचेवर किंवा कच्चे. एवढं सांभाळलं तर सहा माणसांचं जेवण एकटीला जमतं आणि सगळ्यांबरोबर बसून गरम जेवताही येतं. खालचे सगळे टप्पे याच एका गोष्टीभोवती रचले आहेत.

## १. आधी बेत ठरवा

चिनी घरगुती जेवणाचा साधा हिशोब असतो: चार पदार्थ, एक सूप आणि भात. माणसं वाढली की पदार्थ वाढतात, प्रत्येक पदार्थाचं प्रमाण फारसं वाढत नाही. सगळं एकाच वेळी टेबलाच्या मधोमध येतं. सहा जणांसाठी माझा बेत असा असतो:

- लसूण-व्हिनेगर घातलेली ठेचलेली काकडी (कच्ची)
- आलं-पातीच्या कांद्याचं पापलेट (वाफेवर)
- मापो तोफू, म्हणजे तिखट रश्श्यातलं सोयाबीनचं पनीर (मंद आचेवर)
- टोमॅटो-अंडं (कढईत)
- लसणीवर परतलेली पालेभाजी (कढईत)
- कोहळ्याचं सूप
- साधा पांढरा भात

पहिल्यांदाच करत असाल तर कढईतल्या दोनपैकी एक पदार्थ गाळा. लहान मुलं असतील तर टोमॅटो-अंडं ठेवा. मापो तोफू त्यांना झेपणार नाही, आणि टोमॅटो-अंडं भातावर घालून मुलं पोटभर जेवतात. चीनमध्येही अनेक घरांत मुलं स्वयंपाकाला लागतात ती याच पदार्थापासून.

घरात मासे चालत नसतील तर वांगी घ्या. लांब वांगी उभी चिरून वाफवायची, हाताने फाडून लसूण, सोया सॉस आणि थोडं व्हिनेगर यांत घोळायची. ही काही तडजोड नव्हे, चिनी घरांतली ती नेहमीची भाजी आहे. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारे कुणी जेवायला असतील तरी अडत नाही. चीनमधल्या बौद्ध मठांत कांदा-लसणाशिवायच्या स्वयंपाकाची जुनी परंपरा आहे. तिथे आलं, शिताके मशरूम, तोफू आणि तिळाचं तेल यांवर सगळं चालतं. त्यांच्यासाठी पालेभाजी आणि सूप नुसत्या आल्यावर करा.

## २. भांडी: नवीन काहीच घ्यायला नको

लोखंडी कढई. घरातली जुनी, वापरून काळी पडलेली कढई असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही. नॉनस्टिक कढई या कामाला नको, कारण रिकामी कढई चांगली तापवावी लागते आणि त्या उष्णतेने तिचा लेप खराब होतो.

मोदकपात्र. मासा वाफवायला याहून चांगलं भांडं नाही. फक्त पापलेट ठेवलेली ताटली आत मावते का आणि वर झाकण नीट बसतं का, हे आदल्या दिवशी बघून ठेवा. ऐनवेळी शेपटी झाकणात अडकते. मोदकपात्र लहान असेल तर मोठ्या पातेल्यात तिवई ठेवा.

पसरट पातेलं मापो तोफूसाठी, कुकर भातासाठी, आणि परतायला लांब दांड्याचा झारा किंवा कालथा. चिरायला धारदार सुरी हवी. पालेभाजी विळीवर चिरलीत तरी चालेल.

याशिवाय सात-आठ लहान वाट्या काढून ठेवा. चिरलेला प्रत्येक जिन्नस वेगळ्या वाटीत राहणार आहे.

## ३. किराणा: इथेच जास्त फसायला होतं

मोठ्या सुपरमार्केटमध्ये आणि ऑनलाइन बहुतेक सगळं मिळतं. मुंबईकरांना क्रॉफर्ड मार्केट आहेच. यादी लांब नाही, पण प्रत्येक बाटली वाचून घ्या.

सोया सॉस, दोन प्रकारचा. लाइट सोया चवीसाठी आणि खारटपणासाठी, डार्क सोया रंगासाठी. आपल्याकडे बरेच जण एकच डार्क घेतात आणि सगळीकडे ओततात, म्हणून सगळे पदार्थ काळपट आणि एकाच चवीचे होतात. या बेतात फक्त लाइट लागतो. एकच बाटली घ्यायची असेल तर तीच घ्या. लेबलवर सोयाबीन, गहू, मीठ, पाणी असे जिन्नस आणि तो आंबवून केल्याचा उल्लेख असावा. कॅरॅमल रंग आणि ॲसिड घातलेला पातळ सॉस मासा वाया घालवतो. कुणाला गव्हाचं वावडं असेल तर त्यांना आधी सांगा, कारण बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो.

व्हिनेगर. चीनच्या च्यांगसू प्रांतातल्या चनच्यांग शहराचं काळं व्हिनेगर मिळालं तर काकडीला त्याची जोड नाही. नाहीतर राइस व्हिनेगर. घरातलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर फार झोंबतं. तेच वापरायचं असेल तर निम्मं घाला आणि चिमूटभर साखर वाढवा.

तिळाचं तेल. चिनी तिळाचं तेल भाजलेल्या तिळांचं असतं. गडद तपकिरी रंग, वास खमंग. घाण्यावरचं आपलं फिकट तेल कच्च्या तिळांचं असतं, त्याला तो वास येत नाही. भाजक्या तिळांचं तेल मिळालं नाही तर पांढरे तीळ चांगले बदामी भाजून, खलात भरड कुटून काकडीवर घाला. मिळालं तर त्यात काहीही परतू नका. शेवटी दोन-चार थेंब, बस.

परतायला तेल. शेंगदाण्याचं तेल. ग्वांगझौच्या भागात पूर्वापार हेच वापरतात, आणि आपल्या घरात ते असतंच.

कॉर्नफ्लोअर. पांढरं शुभ्र, बोटांत धरलं की कचकचणारं. पिवळं मक्याचं पीठ निराळं. त्याने रस्सा दाट होण्याऐवजी पिठूळ होतो.

दौबानज्यांग. वालासारख्या मोठ्या बाकला शेंगांचे दाणे आणि लाल मिरची मीठ घालून मुरवलेली ही पेस्ट. सिचुआन प्रांतातल्या छंगदूजवळच्या फीश्यान भागातली सगळ्यात नावाजलेली. मापो तोफूचा सगळा जीव हिच्यात आहे आणि तिला पर्याय नाही. शेजवान चटणी घालून हा पदार्थ करू नका. त्यात व्हिनेगर आणि साखर असते, तिखट मुरलेलं नसतं. दौबानज्यांग नसेल तर त्या दिवशी मापो तोफू सोडा आणि तोफू नुसता आलं, सोया आणि पातीच्या कांद्यात करा.

हुआच्याओ. म्हणजे सिचुआन मिरी. कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांनी इथे लक्ष द्यावं: बांगड्याच्या आमटीत आपण घालतो ते तिरफळ आणि हुआच्याओ, दोन्ही झँथोझायलम या एकाच प्रजातीतली झाडं. दोन्हींत वापरायचं ते वरचं साल. आतली काळी बी टाकून द्यायची, ती दाताखाली वाळूसारखी लागते. जिभेवरचा झिणझिणाट त्याच घराण्यातला, वास मात्र तिरफळाचा अधिक रानवट. हुआच्याओ मिळालं नाही तर तिरफळ निम्म्या प्रमाणात घ्या. मंद आचेवर दोन मिनिटं कोरडं भाजा, कुटा आणि चाळून घ्या. चाळायचा कंटाळा करू नका.

तोफू ४०० ग्रॅम. मऊ मिळाला तर उत्तम, घट्ट असला तरी चालेल. सोडे (सुकवलेली कोळंबी) दोन चमचे, शाकाहारी घरात त्याऐवजी सुके शिताके मशरूम चार-पाच. पांढरी मिरी पूड, सुपासाठी. तांदूळ इंद्रायणी. चिनी भात चिकटसर असावा लागतो, नाहीतर चॉपस्टिक्सने उचलत नाही. बासमती या जेवणात शोभत नाही.

ऑयस्टर सॉस या बेतात लागत नाही, पण पुढे कधी घेतलात तर शाकाहारी मंडळींनी ध्यानात ठेवावं की तो कालवांपासून करतात. मशरूमचा शाकाहारी सॉस वेगळा मिळतो.

अजिनोमोटोबद्दल सगळे विचारतात. १९०८ मध्ये जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्रशेवाळाच्या सुपातून अजिनोमोटोची चव देणारा ग्लुटामेट हा घटक वेगळा काढला. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन ते मिठासारखंच सर्वसाधारणपणे सुरक्षित मानतं. या बेतात सोडे, सोया आणि टोमॅटो यांतूनच ती चव येते, म्हणून वेगळं घालावं लागत नाही. घातलंत तर सुपात चिमूटभर घाला आणि मीठ तेवढं कमी करा.

भाजीबाजारातून: आल्याचे बोटभर लांबीचे तीन-चार तुकडे, दोन गड्डे लसूण, पातीचा कांदा दोन जुड्या, काकड्या तीन, पिकलेले लाल टोमॅटो चार, कोहळ्याची अर्ध्या किलोची फोड, आणि पालेभाजी दोन जुड्या. पालेभाजीत नाळीची भाजी मिळाली तर ती घ्या. दक्षिण चीनमध्ये हीच भाजी लसणीवर परतून घरोघरी खातात. नाहीतर पालक. अंडी पाच.

मासा ताजाच हवा. आमटीत किंवा रव्यात तळून शिळेपणा झाकता येतो, वाफेवर झाकायला जागाच नसते. पापलेट प्रत्येकी ३५० ते ४०० ग्रॅमची दोन घ्या. कल्ले लाल, अंग दाबून बघितलं की खड्डा राहता कामा नये. जिताडा मिळाला तर तोही छान. कोळणीला पोट साफ करून मासा अख्खा ठेवायला सांगा. तुकडे नकोत.

## ४. चिरणं: सगळा वेळ इथे द्या

या जेवणात शिजवायला लागतो त्याहून चिरायला जास्त वेळ लागतो. गॅस पेटवण्याआधी सगळं चिरून, वाट्यांत काढून ओट्यावर मांडलेलं हवं. कढई तापल्यावर लसूण सोलायला सुरुवात केली तर तेल जळतं. पालेभाजीला जेमतेम दोन मिनिटं मिळणार असतात.

आलं-लसूण पेस्ट वापरू नका. तिच्यात पाणी असतं, ती तापल्या कढईला चिकटून करपते आणि सगळ्या पदार्थांना एकच वास देते. लसूण पालेभाजीसाठी फक्त ठेचायची, तोफूसाठी बारीक चिरायची, काकडीसाठी किसायची. आल्याचे माशाखाली घालायला जाड काप करा आणि माशावर घालायला केसासारखे बारीक धागे. हे धागे करताना घाई नको. आधी पातळ चकत्या, मग चार-पाच चकत्या एकमेकींवर रचून उभ्या चिरायच्या. पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आणि हिरवा भाग वेगळ्या वाट्यांत. पांढरा तेलात जातो, हिरवा शेवटी.

पालेभाजी धुऊन चाळणीत निदान अर्धा तास निथळत ठेवा आणि मग कोरड्या पंचात गुंडाळा. ओली भाजी कढईत गेली की परतली न जाता शिजत बसते. नाळीची भाजी असेल तर दांडे आणि पानं वेगळी ठेवा.

## ५. आधी करून ठेवायचे पदार्थ

कोहळ्याचं सूप. सोडे पंधरा-वीस मिनिटं गरम पाण्यात भिजवा. ते पाणी फेकू नका. कोहळ्याची साल आणि बिया काढून अर्ध्या सेंटिमीटरचे काप करा. पातेल्यात चमचाभर तेलावर आल्याचे तीन-चार काप आणि सोडे परता, वास सुटला की सहा वाट्या पाणी आणि सोड्यांचं पाणी ओता. उकळी आली की कोहळा घाला. पंधरा मिनिटांत काप काचेसारखे आरपार दिसू लागतात. मग मीठ आणि पाव चमचा पांढरी मिरी. कॉर्नफ्लोअर अजिबात नको. आपल्याला हॉटेलातल्या दाट सुपाची सवय असते, पण हे सूप पातळ आणि स्वच्छ असतं, आणि तिखट-खारट पदार्थांच्या मध्ये तेच हवंसं वाटतं.

भात. अडीच वाट्या इंद्रायणी तीन-चार पाण्यांत धुवा आणि वीस मिनिटं निथळू द्या. एका वाटीला दीड वाटी पाणी. मीठ, तेल, तूप काही नाही. कुकर आपोआप उतरू द्या. जेवायला बसेपर्यंत भात आतच गरम राहतो.

मापो तोफू. छंगदू शहरात एकोणिसाव्या शतकात चन आडनावाच्या बाईंच्या खानावळीत हा पदार्थ नावारूपाला आला. करायला अवघड नाही, पण तीन ठिकाणी घाई होते.

तोफूचे दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करून मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. त्याने कच्चा सोयाबीनचा वास जातो आणि तुकडे मोडत नाहीत. पसरट पातेल्यात तीन चमचे तेलावर १०० ग्रॅम खिमा चांगला कोरडा, दाणेदार होईपर्यंत परता. मुळात तिथे बीफ वापरतात, आपण चिकन किंवा मटण घेऊ शकतो. शाकाहारी घरात भिजवलेले शिताके बारीक चिरून.

आता गॅस मंद करा आणि दीड मोठा चमचा दौबानज्यांग घाला. इथे पहिली घाई होते. पेस्ट दोन मिनिटं शांतपणे तेलात परतली की तेल हळूहळू लाल होतं, आणि पेस्टचा कच्चा, आंबूस वास जाऊन खमंग वास येतो. मोठ्या आचेवर ती काळी पडून कडवट होते. मग आलं, लसूण आणि अर्धा चमचा लाल तिखट. लगेच एक वाटी गरम पाणी, चमचाभर लाइट सोया आणि निथळलेला तोफू. झाऱ्याने ढवळू नका. पातेलं धरून हलवा किंवा झाऱ्याच्या पाठीने तोफू हलकेच पुढे ढकला. पाच मिनिटं मंद रटरटू द्या आणि गॅस बंद करा. मीठ घालायची वेळ अजून आली नाही. पेस्टमध्ये भरपूर मीठ असतं, चव बघूनच ठरवा.

शेवटचा भाग वाढण्याआधी: दोन चमचे कॉर्नफ्लोअर चार चमचे पाण्यात कालवून ठेवा आणि घालताना पुन्हा ढवळा, कारण ते तळाशी बसतं. पदार्थ गरम करून हे पाणी तीन वेळा थोडं थोडं घाला, दर वेळी अर्धा मिनिट थांबा. एकदम ओतलं तर गुठळ्या होतात आणि तोफूतून सुटणाऱ्या पाण्याने रस्सा पुन्हा पातळ होतो. वरून चाळलेली हुआच्याओ पूड आणि कांद्याची हिरवी पात. ही पूड रश्श्यात उकळू नका, तिचा वास उडून जातो.

## ६. काकडी

टोकं कापून चाखा, कडू असेल तर बाजूला. काकडी ओट्यावर आडवी ठेवून लाटण्याने ठेचा, ती आपोआप लांबीत फुटते. मग तिरके, ओबडधोबड तुकडे करा. सुरीने केलेल्या गुळगुळीत चकत्यांवर मसाला ठरत नाही, फुटलेल्या कडांत तो जातो. अर्धा चमचा मीठ लावून पंधरा मिनिटं चाळणीत ठेवा आणि सुटलेलं पाणी टाकून द्या. तीन पाकळ्या किसलेली लसूण, एक चमचा लाइट सोया, एक चमचा व्हिनेगर, अर्धा चमचा साखर, तिळाचं तेल. हा मसाला कालवून ठेवा, काकडी फ्रिजमध्ये ठेवा. मसाला वाढायच्या दहा मिनिटं आधी लावा, फार आधी लावलात तर पुन्हा पाणी सुटतं.

## ७. पापलेट

माशाला दोन्ही बाजूंनी तीन तिरक्या चिरा द्या, आतून-बाहेरून कापडाने पूर्ण कोरडा करा आणि अगदी थोडं मीठ चोळा. हळद, लिंबू, आमसुलाचं पाणी काही नको. हात शिवशिवतील, पण इथे थांबा. ताटलीत आल्याचे जाड काप आणि कांद्याच्या पाती आडव्या ठेवून त्यांवर मासा ठेवा, म्हणजे खालूनही वाफ फिरते.

पाणी खळखळ उकळल्यावरच ताटली आत ठेवा. ४०० ग्रॅमच्या पापलेटला मोठ्या आचेवर आठ मिनिटं, मग गॅस बंद करून झाकणासकट दोन मिनिटं. सर्वात जाड जागी सुरीचं टोक टोचून बघा. काट्यापर्यंत अलगद गेलं आणि काट्यालगतचं मांस पांढरं दिसलं की झाला. अजून गुलाबी असेल तर आणखी दोन मिनिटं. पापलेटचं मांस जास्त वाफेने कोरडं होतं, म्हणून घड्याळ लावा.

ताटलीत साचलेलं पाणी पूर्ण ओतून टाका. मासळीचा जो उग्र वास आपल्याला नको असतो तो त्यात उतरलेला असतो. हे पाणी राहिलं तर सॉस पातळ होऊन सगळ्या पदार्थाला तो वास लागतो. खालचं आलं आणि पातीही काढा. आता माशावर आल्याचे धागे आणि कांद्याची बारीक पात पसरा. पळीत तीन चमचे शेंगदाणा तेल धूर दिसू लागेपर्यंत तापवा आणि थेट त्या पातीवर ओता. चर्रर्र आवाज होतो, पात क्षणात मऊ पडते आणि आल्याचा वास सगळ्या घरात जातो. आवाज आला नाही तर तेल पुरेसं तापलेलं नव्हतं. शेवटी तीन चमचे लाइट सोया, दोन चमचे गरम पाणी आणि चिमूटभर साखर एकत्र करून माशाच्या कडेने सोडा. वरून ओतलंत तर पात काळपट दिसते.

## ८. कढईचे दोन पदार्थ

घरच्या गॅसची आच हॉटेलच्या भट्टीइतकी कधीच होत नाही. म्हणून एका वेळी कढईत कमी घाला. एक तृतीयांशापेक्षा जास्त भरली की परतणं थांबतं आणि पाणी सुटायला लागतं. सर्वात मोठी शेगडी वापरा. आधी रिकामी कढई तापवा. पाण्याचा थेंब टाकताच नाचत उडाला की तेल घाला, सगळीकडे फिरवा आणि मग जिन्नस.

टोमॅटो-अंडं. पाच अंडी पाव चमचा मीठ घालून फेटा. तीन चमचे तेल चांगलं तापवून अंडी एकदम ओता. कडा फुगतील. कालथ्याने मोठे मोठे तुकडे करत उलटवा आणि वरचा भाग अजून ओलसर असतानाच बाहेर काढा. त्याच कढईत चमचाभर तेल, कांद्याचा पांढरा भाग, टोमॅटोच्या मोठ्या फोडी, मीठ आणि एक चमचा साखर. टोमॅटो रस सोडून अर्धे विरघळले की अंडी परत घाला, एकदा हलवा, उतरवा. साखर गाळू नका. तिच्यामुळे गोड चव येत नाही, आपल्या आंबट टोमॅटोची धार तेवढी उतरते.

पालेभाजी. कढई पुसून पुन्हा तापवा. दोन चमचे तेल, सहा ठेचलेल्या पाकळ्या. लसूण रंग बदलण्याआधी एकच जुडी घाला, नाळीची असेल तर आधी दांडे आणि अर्ध्या मिनिटाने पानं. मीठ, दीड मिनिट, बाहेर. मग दुसरी जुडी. दोन्ही एकदम घातल्या तर तुमची भाजी पाण्यात पोहेल.

## ९. साडेआठला जेवायचं असेल तर

शेगड्या दोनच धरून लिहिते.

सहाला सोडे भिजवा, तांदूळ आणि पालेभाजी धुऊन निथळत ठेवा. सव्वासहा ते सव्वासात चिरणं. सव्वासातला एका शेगडीवर सूप, दुसरीवर मापो तोफू, शेवटचा कॉर्नफ्लोअर बाकी ठेवून. पावणेआठला कुकर चढवा, काकडीला मीठ लावा. आठला मोदकपात्रात पाणी, सव्वाआठला काकडीला मसाला आणि मासा आत. मासा वाफेवर असताना दुसऱ्या शेगडीवर टोमॅटो-अंडं. माशाचा गॅस बंद केला की त्याच शेगडीवर तोफू गरम करून कॉर्नफ्लोअर लावा, मग सुपाला उकळी आणा. तोवर दुसरीकडे पालेभाजी. माशावर तेल सर्वात शेवटी, सगळे बसल्यावर. घरात कुणी मदतीला असेल तर त्यांच्याकडे काकडी आणि टेबल सोपवा. कढईपाशी एकटीच थांबा.

वाढताना सगळे पदार्थ मधोमध, प्रत्येकाला एक खोलगट वाडगा भाताचा आणि एक लहान वाटी सुपाची. प्रत्येक पदार्थाला वेगळा चमचा ठेवा. चॉपस्टिक्स ज्यांना जमत नाहीत त्यांनी खुशाल चमच्याने किंवा हाताने जेवावं. फक्त भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचू नका. मृतांसाठी लावलेल्या उदबत्त्यांसारखं ते दिसतं आणि चिनी घरात अशुभ मानतात. ग्वांगझौच्या भागात सूप आधी पितात, उत्तरेकडे जेवणाच्या शेवटी. घरातल्या वडीलधाऱ्यांना मी आधी देते.

## १०. उरलं तर

मासा आणि पालेभाजी त्याच रात्री संपवा. मापो तोफू दुसऱ्या दिवशीही चांगला लागतो. उरलेला भात कुकरमध्ये झाकून रात्रभर ओट्यावर ठेवू नका. शिजलेल्या भातात बाहेरच्या तापमानाला बॅसिलस सेरेअस हे जिवाणू वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा तापवल्यानेही जात नाही. भात ताटात पातळ पसरून निववा आणि तासाभरात फ्रिजमध्ये घाला.

दुसऱ्या दिवशी फ्राइड राइस करायचा तो याच गार भाताचा. इंद्रायणी चिकटसर असल्याने आधी हाताला तेल लावून गुठळ्या मोकळ्या करा. कढई तापवून दोन अंडी, त्यांवर दोन वाट्या भात, मीठ आणि भरपूर पात. सोया सॉस घालायचाच असेल तर अर्धा चमचा, तोही कढईच्या कडेने. दोन वाट्यांपेक्षा जास्त भात एका वेळी घालू नका, पुन्हा कढई लावा.